पायथन : एकाधिकाराकडून निर्वाचित समितीकडे

पायथन या मुक्त स्रोत संगणक भाषेची ३.१४ ही आवृत्ती ७ ऑक्टोबर २०२५ रोजी प्रसृत झाली. एकाच वेळी अनेक कामे समांतर चालवण्याच्या मार्गातील, या भाषेच्या सुरुवातीच्या काळापासूनचा एक मोठा अडसर दूर करणाऱ्या रचनेला या आवृत्तीत प्रथमच अधिकृत पाठिंबा देण्यात आला. त्याच महिन्याच्या अखेरीस पायथन सॉफ्टवेअर फाउंडेशन या संस्थेने अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानाकडून मिळू घातलेल्या १५ लाख डॉलरच्या अनुदानाचा प्रस्ताव मागे घेतल्याचे जाहीर केले. यांपैकी एक घटना तांत्रिक आहे, तर दुसरी आर्थिक. मात्र दोहोंच्या मुळाशी एकच प्रश्न आहे. ज्या भाषेचा कोणी मालक नाही आणि जी कोणालाही विनामूल्य वापरता येते, तिच्याविषयीचे निर्णय कोणी घ्यावेत आणि त्यांचा भार कोणी वाहावा, हा तो प्रश्न होय.

भाषेचा उगम

पायथनचे जनक गिडो व्हान रॉसम हे मूळचे नेदरलँड्सचे. ॲमस्टरडॅम येथील गणित आणि संगणकशास्त्र संशोधन केंद्रात कार्यरत असताना, डिसेंबर १९८९ मधील नाताळच्या सुटीत त्यांनी या भाषेच्या कामास प्रारंभ केला. फेब्रुवारी १९९१ मध्ये तिची पहिली आवृत्ती सर्वांसाठी खुली करण्यात आली. भाषेचे नाव सापावरून नव्हे, तर बीबीसीच्या ‘मॉन्टी पायथन्स फ्लाइंग सर्कस’ या विनोदी कार्यक्रमावरून ठेवण्यात आले आहे.

प्रारंभी लहानसहान कामे झटपट उरकण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या स्क्रिप्टिंग भाषांमध्ये पायथनची गणना होत असे. सुबोध लेखनपद्धती आणि शब्दांची काटकसर ही तिची वैशिष्ट्ये होत. कालांतराने संकेतस्थळे, वैज्ञानिक गणन, सांख्यिकी आणि कृत्रिम बुद्धिमत्ता या क्षेत्रांत तिचा प्रसार झाला. गिटहब या संगणक आज्ञावलींच्या भांडारावरील वापरात २०२४ मध्ये पायथनने जावास्क्रिप्टला मागे टाकून पहिले स्थान मिळवले. ऑगस्ट २०२५ मध्ये टाइपस्क्रिप्ट ही भाषा तिच्या पुढे गेली.

एका व्यक्तीचा शब्द अखेरचा

भाषेत कोणताही महत्त्वाचा बदल करावयाचा असल्यास त्याचा लेखी प्रस्ताव मांडण्याची पद्धत २००० पासून रूढ आहे. ‘पायथन सुधारणा प्रस्ताव’ अर्थात ‘पेप’ या नावाने हे दस्तऐवज ओळखले जातात. प्रस्तावावर खुली चर्चा होत असे. परंतु अंतिम निर्णय व्हान रॉसम यांचाच असे. समुदायाने त्यांना गमतीने ‘तहहयात परोपकारी हुकूमशहा’ अशी पदवी दिली होती.

ही व्यवस्था २०१८ मध्ये संपुष्टात आली. एखाद्या चलास मूल्य देणे आणि त्याच ठिकाणी ते मूल्य वापरणे, या दोन्ही क्रिया एकाच पदावलीत करू देणारा ५७२ क्रमांकाचा प्रस्ताव त्यास निमित्त ठरला. या चिन्हामुळे भाषेची सुबोधता कमी होईल, असा अनेकांचा आक्षेप होता. वादविवाद तीव्र झाला. प्रस्ताव स्वीकारल्यानंतर १२ जुलै २०१८ रोजी व्हान रॉसम यांनी निर्णयाधिकार सोडत असल्याचे सहकाऱ्यांना कळवले. आपला उत्तराधिकारी त्यांनी नेमला नाही. पुढील व्यवस्था कशी असावी, हे समुदायानेच ठरवावे, अशी भूमिका त्यांनी घेतली. वादग्रस्त ठरलेले ते चिन्ह ऑक्टोबर २०१९ मध्ये आलेल्या ३.८ या आवृत्तीत समाविष्ट झाले.

निर्वाचित सुकाणू समिती

त्यानंतरचे काही महिने भाषेला प्रमुख नव्हता. कारभाराचे सात वेगवेगळे आराखडे मांडण्यात आले. नवा तंत्रप्रमुख नेमावा, त्रिसदस्य मंडळ असावे, निर्णय सर्व विकसकांनी मिळून घ्यावेत, असे विविध पर्याय त्यांत होते. डिसेंबर २०१८ मध्ये झालेल्या मतदानात पाच सदस्यांच्या निर्वाचित सुकाणू समितीचा आराखडा मान्य झाला आणि २०१९ च्या प्रारंभी पहिली समिती निवडून आली. बॅरी वॉर्सॉ, ब्रेट कॅनन, कॅरल विलिंग आणि निक कॉगलन यांच्यासह खुद्द व्हान रॉसम हेही तिचे सदस्य होते. पुढील निवडणुकीतून मात्र त्यांनी माघार घेतली.

या समितीची नियमावली लक्षणीय आहे. तिचा कार्यकाळ भाषेच्या एका मुख्य आवृत्तीपुरता असतो आणि त्यानंतर नव्याने निवडणूक होते. मतदानाचा अधिकार गाभा विकसकांना, म्हणजेच भाषेच्या मूळ आज्ञावलीत बदल करण्याचा अधिकार असलेल्या सदस्यांना आहे. एकाच कंपनीत नोकरी करणारे दोनपेक्षा अधिक सदस्य समितीत असू शकत नाहीत. दोनतृतीयांश मतांनी अविश्वास ठराव संमत झाल्यास समितीला पायउतार व्हावे लागते. मोठ्या कंपन्यांचे अभियंते विकासकार्यात आघाडीवर असताना भाषा कोणा एका कंपनीच्या मुठीत जाऊ नये, हा या तरतुदींचा उद्देश आहे.

नव्या व्यवस्थेत शिस्तही आली. पूर्वी दोन मुख्य आवृत्त्यांमध्ये साधारणतः दीड वर्षाचे अंतर असे. ३.९ या आवृत्तीनंतर दरवर्षी ऑक्टोबरमध्ये नवी आवृत्ती काढण्याचा क्रम ठरला आणि प्रत्येक आवृत्तीला एकूण पाच वर्षे सुरक्षाविषयक दुरुस्त्या पुरवण्याचे धोरण राहिले. अर्थात सर्व निर्णय एकमताने स्वीकारले गेले, असे नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये समितीने आचारसंहितेच्या आधारे एका अत्यंत ज्येष्ठ गाभा विकसकाला तीन महिन्यांसाठी निलंबित केले, तेव्हा समुदायात उघड मतभेद झाले. निर्वाचित मंडळाला शिस्तभंगाच्या कारवाईचा अधिकार किती असावा, या प्रश्नावर त्या निमित्ताने दीर्घ चर्चा झाली.

एका स्थित्यंतराचा धडा

समितीच्या सावध कार्यपद्धतीमागे एक जुना अनुभव आहे. पायथनची ३.० ही आवृत्ती डिसेंबर २००८ मध्ये प्रसृत झाली, तेव्हा ती जाणूनबुजून आधीच्या आवृत्त्यांशी विसंगत ठेवण्यात आली होती. मजकूर हाताळण्याची पद्धत हे त्याचे एक प्रमुख कारण होते. दुसऱ्या मालिकेतील साधी अक्षरमाला बाइटमध्ये मोजली जाई. त्यामुळे यूटीएफ-८ संकेतनात साठवलेल्या ‘मराठी’ या शब्दाची लांबी १५ भरत असे. तिसऱ्या मालिकेत प्रत्येक अक्षरमाला युनिकोडमध्ये असते आणि त्याच शब्दाची लांबी म, र, काना, ठ आणि वेलांटी अशी पाच भरते. देवनागरीसह इंग्रजीखेरीज अन्य लिप्यांतील मजकुरावर काम करणाऱ्यांसाठी हा बदल मोलाचा होता.

परंतु जुन्या आज्ञावली नव्या आवृत्तीवर चालत नसल्याने स्थलांतर रेंगाळले. दुसऱ्या मालिकेचा पाठिंबा २०१५ मध्ये थांबवण्याचे ठरले होते. ती मुदत पाच वर्षांनी वाढवावी लागली आणि १ जानेवारी २०२० रोजी तो थांबला. म्हणजेच एका बदलास सुमारे अकरा वर्षे लागली. या काळात असंख्य ग्रंथालय-आज्ञावली दोन्ही मालिकांसाठी सांभाळण्याचा दुहेरी भार स्वयंसेवकांवर पडला.

कुलूप काढण्याचा निर्णय

या अनुभवाची खरी कसोटी ‘ग्लोबल इंटरप्रिटर लॉक’ अर्थात जीआयएल हटवण्याच्या निर्णयात लागली. पायथनमधील प्रत्येक वस्तूपाशी, तिचा संदर्भ किती ठिकाणी आहे, याची नोंद असते. ती संख्या शून्यावर आली की वस्तूने व्यापलेली स्मृती मोकळी केली जाते. एकाच आज्ञावलीतील दोन प्रवाहांनी, म्हणजे थ्रेड्सनी, ही नोंद एकाच क्षणी बदलल्यास हिशेब चुकतो. तसे होऊ नये म्हणून एक सामाईक कुलूप ठेवण्यात आले. ज्याच्या हाती कुलूप, तोच प्रवाह त्या क्षणी पायथनच्या आज्ञा चालवू शकतो. एकच प्रक्रियक असलेल्या संगणकांच्या काळात ही युक्ती सोयीची होती. प्रक्रियकात अनेक गाभे येऊ लागल्यावर मात्र ती अडचणीची ठरली. आठ गाभ्यांच्या संगणकावरही पायथनचे आठ प्रवाह आळीपाळीनेच चालत.

हे कुलूप काढून टाकण्याचे पूर्वीचे प्रयत्न साध्या आज्ञावलींचा वेग घटल्यामुळे फसले होते. मेटा कंपनीतील अभियंता सॅम ग्रॉस यांनी मांडलेल्या ७०३ क्रमांकाच्या प्रस्तावाने या अडचणीवर व्यवहार्य तोडगा सुचवला. प्रस्ताव स्वीकारण्याचा मनोदय समितीने जुलै २०२३ मध्ये जाहीर केला आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये औपचारिक मान्यता दिली. या कामासाठी २०२५ अखेरपर्यंत तीन अभियंता-वर्षांइतके मनुष्यबळ पुरवण्याची तयारी मेटाने दर्शवली होती.

मान्यता देताना समितीने तीन टप्पे आखले. पहिल्या टप्प्यात कुलूपरहित रचना केवळ प्रायोगिक स्वरूपात द्यावयाची, दुसऱ्यात तिला अधिकृत परंतु ऐच्छिक दर्जा द्यावयाचा आणि सर्व काही सुरळीत झाल्यासच तिसऱ्या टप्प्यात ती सर्वांसाठी मूलभूत करावयाची. तिसऱ्या मालिकेच्या वेळी झालेल्या त्रासाची पुनरावृत्ती होऊ द्यावयाची नाही, असे समितीने स्पष्ट केले आणि परिणाम प्रतिकूल दिसल्यास संपूर्ण बदल मागे घेण्याचा अधिकारही राखून ठेवला. पहिला टप्पा ७ ऑक्टोबर २०२४ च्या ३.१३ या आवृत्तीने सुरू झाला, तर ३.१४ ने दुसऱ्या टप्प्यात प्रवेश केला. या आवृत्तीत कुलूपरहित रचनेवर एकाच प्रवाहाची आज्ञावली चालवल्यास वेग साधारण ५ ते १० टक्क्यांनी घटतो. सी भाषेत लिहिलेल्या पूरक आज्ञावली नव्या रचनेशी जुळवून घेणे हे काम पुढील काळातही चालणार आहे. तिसऱ्या टप्प्याचा निर्णय त्यावरच अवलंबून राहील.

पैशाचा प्रश्न

पायथनचे बौद्धिक हक्क सांभाळणारी पायथन सॉफ्टवेअर फाउंडेशन ही ना-नफा संस्था २००१ मध्ये स्थापन झाली. पूरक आज्ञावलींचे ‘पायपीआय’ हे सार्वजनिक भांडारही तीच चालवते. या भांडारात सहा लाखांहून अधिक प्रकल्प आहेत. कोणालाही आपली आज्ञावली तेथे ठेवता येत असल्याने घातक आज्ञावली घुसवण्याचे प्रकार वारंवार घडतात. अशा आज्ञावलींच्या लोंढ्यामुळे मार्च २०२४ मध्ये नव्या सदस्यांची नोंदणी काही काळ थांबवावी लागली होती. त्याच वर्षाच्या प्रारंभापासून भांडाराच्या सर्व सदस्यांसाठी दुहेरी ओळख पडताळणी सक्तीची करण्यात आली आहे.

भांडारात येणाऱ्या प्रत्येक आज्ञावलीची आपोआप तपासणी करणारी साधने विकसित करावीत, या हेतूने संस्थेने जानेवारी २०२५ मध्ये राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानाकडे अर्ज केला. सरकारी अनुदानासाठी संस्थेने केलेला हा पहिलाच अर्ज होता. दोन वर्षांसाठी १५ लाख डॉलरची शिफारसही झाली. मात्र विविधता, समता आणि समावेशकता यांना उत्तेजन देणारा कोणताही कार्यक्रम संस्था राबवणार नाही, अशी हमी अनुदानाच्या अटींत मागण्यात आली होती. ही अट केवळ अनुदानित प्रकल्पाला नव्हे, तर संस्थेच्या सर्व कार्याला लागू होणार होती आणि तिचा भंग झाल्यास आधी दिलेली रक्कमही परत मागता येणार होती. भिन्न भिन्न पार्श्वभूमीच्या समुदायाची वाढ हे संस्थेच्या ध्येयधोरणातच नमूद असल्याने संचालक मंडळाने एकमताने प्रस्ताव मागे घेतला.

या निर्णयाची किंमत मोठी होती. संस्थेचा वार्षिक अर्थसंकल्प सुमारे ५० लाख डॉलरचा आणि कर्मचारी केवळ १४. त्यापूर्वीच, ऑगस्ट २०२५ मध्ये, जगभरातील परिषदा व कार्यशाळांना दिले जाणारे साहाय्य निधीअभावी स्थगित करावे लागले होते. त्याच वर्षी मे महिन्यात मायक्रोसॉफ्टने केलेल्या कर्मचारी कपातीत, भाषेचा वेग वाढवण्यासाठी कंपनीने पोसलेल्या पथकातील काही अभियंत्यांनाही नोकरी गमवावी लागली. या पथकाच्या कामामुळे ऑक्टोबर २०२२ ची ३.११ ही आवृत्ती आधीच्या आवृत्तीपेक्षा सरासरी सव्वापट वेगवान ठरली होती. निवडणुकीच्या नियमांनी समितीचे स्वातंत्र्य राखता येते. विकासाला लागणारे वेतन मात्र बाहेरूनच येते, ही वस्तुस्थिती या घटनांनी अधोरेखित केली.

भारताशी संबंध

भारतात पायथनचा वापर शिक्षण आणि उद्योग या दोन्ही क्षेत्रांत रुजला आहे. केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाच्या अकरावी व बारावीच्या संगणकशास्त्र अभ्यासक्रमात हीच भाषा शिकवली जाते आणि राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेची पाठ्यपुस्तकेही तिच्यावरच आधारलेली आहेत. ‘पायकॉन इंडिया’ ही स्वयंसेवकांनी भरवलेली राष्ट्रीय परिषद २००९ मध्ये बंगळूर येथे प्रथम झाली. २०११ मध्ये तिचे यजमानपद पुण्याकडे होते.

पायथनच्या वापरकर्त्याला ना शुल्क भरावे लागते, ना परवानगी घ्यावी लागते. त्यामुळे पडद्यामागील व्यवस्था सहसा नजरेस येत नाही. एका व्यक्तीच्या निवृत्तीनंतर ही व्यवस्था कोलमडली नाही, हे २०१८ नंतरच्या वाटचालीतून सिद्ध झाले आहे. तिच्या निर्णयपद्धतीने आपली पहिली मोठी परीक्षा दिली असून, तिच्या अर्थकारणाची परीक्षा अद्याप सुरूच आहे.