झिजण्यासाठींच जन्मलेली वस्तु

राज्यांचा आणि लढायांचा इतिहास आपण पुष्कळ ऐकतों. आज तळहातावर मावणाऱ्या एका वस्तूचा इतिहास सांगावयाचा आहे. ही वस्तु झिजण्यासाठींच जन्माला येते, आणि ती झिजते म्हणूनच आपण सुखरूप घरीं पोंचतों. ही वस्तु म्हणजे मोटारसायकलचा ब्रेक पॅड.

उल्हासनगरच्या कॅम्प नंबर एकमध्यें, सुटीच्या सकाळीं दारापुढें गाडी उभी करून स्वतःच हे पॅड बदलणारा हौशी गृहस्थ दिसला, तर त्यांत नवल नाहीं. हें गांवच मुळीं स्वतःच्या हातांवर भरंवसा ठेवून उभें राहिलेलें आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळांत कल्याणजवळ लष्कराची छावणी होती. फाळणीनंतर सिंधमधून आलेलीं निर्वासित कुटुंबें तिच्या बराकींत राहूं लागलीं, आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजीं गव्हर्नर-जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांनीं या नव्या नगराची कोनशिला बसविली. लष्कर गेलें, परंतु ‘कॅम्प’ हें नांव राहिलें. या कॅम्पला शहाड स्टेशन जवळचें. तेथून मुरबाडकडे जाणारा रस्ता पुढें माळशेज घाटाला भिडतो. घाट चढतांना इंजिनाची परीक्षा होते, उतरतांना ब्रेकची. आणि ब्रेक पॅडच्या इतिहासाचा आरंभहि अशाच उतारावर झाला आहे.

इंग्लंडांतील डर्बिशायर हा डोंगराळ मुलूख. तेथले गाडीवान उतारावर घोडागाडी आवरण्यासाठीं ब्रेकच्या ठोकळ्याला जुना बूट लावीत. हर्बर्ट फ्रूड नांवाच्या गृहस्थानें हें पाहिलें. चामड्याहून टिकाऊ कांहीं करतां येईल काय, या विचारानें त्यानें घराच्या बागेंतील एका शेडमध्यें प्रयोग आरंभिले, आणि १८९७ सालीं त्याचा व्यवसाय सुरू झाला. आपल्या आडनांवाचीं अक्षरें फिरवून व त्यांत पत्नी एलिझाबेथ हिचें आद्याक्षर मिसळून त्यानें ‘फेरोडो’ हें नांव घेतलें. ब्रेकचा हा आद्य कारागीरहि घरच्या घरीं खटपट करणाराच होता!

ब्रेक गाडीचा वेग नाहींसा करीत नाहीं. घर्षणानें त्याची उष्णता करून टाकतो. घोड्याच्या चालीला सुताचे ठोकळे पुरले, पण मोटारीच्या वेगापुढें ते जळूं लागले. तेव्हां न जळणारा तंतु हवा झाला. तो ॲस्बेस्टॉसमध्यें सांपडला, आणि १९०८ सालापासून फ्रूडनें तो ब्रेकसाठीं वापरला. इकडे १९०२ सालींच फ्रेडरिक लँचेस्टर यानें चाकाबरोबर फिरणाऱ्या तबकडीला दोन्ही बाजूंनीं चिमटा घेणाऱ्या डिस्क ब्रेकचें पेटंट घेतलें होतें. त्याचे तांब्याचे पॅड मात्र कर्कश ओरडत. १९५३ सालीं फ्रान्समधील ल मां येथील चोवीस तासांच्या शर्यतींत डिस्क ब्रेकची जॅग्वार मोटार पहिली आली, तेव्हां या कल्पनेची खरी प्रतिष्ठा झाली. १९६९ च्या होंडा सीबी ७५० या मोटारसायकलवरहि ती आली. आपल्याकडे १९९९ सालच्या हीरो होंडा सीबीझेडच्या पुढच्या चाकाला ही तबकडी होती.

पण ॲस्बेस्टॉसची किंमत कोणी तरी मोजीत होतें. इंग्लंडांतील रॉचडेलच्या कारखान्यांत ॲस्बेस्टॉसचें सूत कातणारी नेली केरशॉ १९२४ सालीं अवघ्या तेहतिसाव्या वर्षीं वारली. डॉक्टर विल्यम कुक यांना तिच्या फुप्फुसांत या खनिजाचे कण आढळले. १९३१ सालीं ब्रिटनमध्यें कारखान्यांतील धुळीसंबंधीं नियम झाले. संपूर्ण बंदी येण्यास १९९९ साल उजाडलें. जो तंतु लाखों प्रवाशांना उतारावर वांचवीत होता, तोच तो घडविणाऱ्या हातांचा श्वास कोंडीत होता.

म्हणून घरीं पॅड बदलणारानें पहिली गोष्ट ध्यानांत ठेवावी, कीं कॅलिपरमधील काळी धूळ तोंडानें फुंकूं नये, हवेच्या दाबानें उडवूं नये. ओल्या फडक्यानें हलकेंच पुसून तें फडकें पिशवींत बांधून टाकावें. जुन्या पॅडमध्यें काय होतें हें डोळ्यांनीं कळत नाहीं. नवा घेतांना पाकिटावर ‘ॲस्बेस्टॉस-विरहित’ हे शब्द पाहावे. निनांवी स्वस्त मालाच्या वाटेस जाऊं नये.

दुसरी गोष्ट तेलाची. पॅडच्या घासणाऱ्या अंगाला ग्रीसचा हात लागूं देऊं नये. घर्षण हाच त्याचा धर्म, आणि तेल त्याचा शत्रु. पॅड काढलेले असतांना ब्रेकचा दांडा दाबूं नये, नाहींतर पिस्टन बाहेर येतो. नवे जाड पॅड बसावेत म्हणून पिस्टन मागें सारतांना वरच्या डबींतील ब्रेक ऑईल चढतें. तें सांडल्यास रंग खातें, म्हणून डबीवर नजर असावी. बोल्ट कंपनीच्या पुस्तकांत दिलेल्या मापानें आवळावे.

शेवटची गोष्ट सर्वांत महत्त्वाची. पॅड बसविल्यावर पहिल्यांदा दांडा पोकळ लागतो, कारण मागें सारलेला पिस्टन अजून पॅडपर्यंत आलेला नसतो. गाडी जागची हलविण्यापूर्वीं दांडा घट्ट लागेपर्यंत पुन्हा पुन्हा दाबावा. तसें न करतां जो रस्त्यावर उतरला, त्याला पहिल्याच वळणावर ब्रेक लागणार नाहीं. दांडा घट्ट होत नसेल, तर गाडी उभीच ठेवून जाणत्या मेकॅनिकला बोलवावें; त्यांत कमीपणा मुळींच नाहीं. पुढचे कांहीं दिवस बेतानें, हलकेहलके ब्रेक लावीत गाडी चालवावी, म्हणजे पॅड आणि तबकडी यांचीं अंगें एकमेकांशीं जुळतील. माळशेजचा उतार त्यानंतरच्या रविवारीं.