टंड्रा
टंड्रा : वृक्षरेषेपलीकडील थंड, वृक्षहीन जीवसंहती. अलास्का, उत्तर कॅनडा, ग्रीनलंडचा किनारी पट्टा, स्कँडिनेव्हियाचे उत्तर टोक आणि सायबीरियाचा आर्क्टिक किनारा हा तिचा मुख्य विस्तार. अंटार्क्टिकात ती नावापुरतीच असून त्या खंडावर मूळच्या सपुष्प वनस्पती अवघ्या दोन आहेत.

कडाक्याची थंडी हे टंड्राचे लक्षण मानले जाते, ते अपुरे आहे. सायबीरियातील व्हर्खोयान्स्कला १८९२ मध्ये तापमान −६७.८° से.पर्यंत उतरले होते. तरीही तेथे लार्च वृक्षांचे तैगा अरण्य आहे, कारण उन्हाळा पुरेसा उबदार असतो. टंड्रात सर्वांत उबदार महिन्याची सरासरीही १०° से.च्या वर जात नाही. झाड अडते ते या उणिवेपाशी.

वर्षाचे पर्जन्यमान बहुतेक ठिकाणी १५० ते २५० मिमी., म्हणजे आपल्या माणदेशापेक्षाही कमी. या आकड्यावर वाळवंट असायला हवे, पण उन्हाळ्यात पाहावे तिकडे तळी आणि दलदल. जमिनीचा वरचा थरच तेवढा वितळतो; त्याखालची भूमी कायम गोठलेली असल्याने पाणी मुरत नाही, आणि थंडीमुळे बाष्पीभवनही फारसे होत नाही. झाडांच्या मुळांनाही हाच अडसर होतो. त्यामुळे शेवाळी, दगडफुले, लव्हाळे व जमिनीलगत पसरणारी खुजी विलो झुडपे एवढीच वनश्री दिसते. पर्वतमाथ्यांवरील टंड्रात सहसा असा गोठलेला थर नसतो, म्हणून तेथे पाण्याचा निचरा चांगला होतो.

लेमिंग, रेनडिअर, मस्क ऑक्स, आर्क्टिक कोल्हा व हिमघुबड हे येथील प्रमुख प्राणी. वर्षावनांच्या तुलनेत जाती थोड्या. उन्हाळ्यात मात्र कीटकांचे थवे उठतात आणि त्यांवर पिल्ले वाढवायला दूरदूरचे पक्षी येतात. ठाण्याच्या खाडीत हिवाळ्यात दिसणारे लिटल स्टिंट व कर्ल्यू सँडपायपर हे टंड्रातच अंडी घालतात.

बांधकामाला ही भूमी बेभरवशाची आहे. १९७७ मध्ये सुरू झालेल्या अलास्काच्या तेलवाहिनीचा निम्म्याहून अधिक भाग खांबांवर उचलावा लागला, कारण गरम तेलाने खालचा बर्फ वितळला असता. याच गोठलेल्या भूमीत कार्बनही साठून आहे. वर्षावनांत कार्बनचा मोठा वाटा उभ्या झाडांत असतो, टंड्रात तो मातीत. टंड्रा व तैगाच्या गोठलेल्या जमिनींत मिळून सुमारे दीड लाख कोटी टन सेंद्रिय कार्बन आहे; वातावरणातील कार्बनच्या तो जवळजवळ दुप्पट भरतो.