हिप्पी विवाह

हिप्पी विवाह हा १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात अमेरिकेतील प्रतिसंस्कृतीतून पुढे आलेला विवाहप्रकार होय. कॅलिफोर्नियाच्या किनारी वस्त्यांमध्ये तो आढळत असे. चर्च व शासन यांच्या मध्यस्थीवाचून दोघांनी परस्परांना दिलेला शब्द हाच विवाहाचा गाभा होय, अशी त्यामागील धारणा होती.

विधी
विवाह बहुधा मोकळ्या वाळूवर होई. पाहुणे वर्तुळाकार बसत. वधूवर अनवाणी असत आणि केसांत फुले माळत. पतीची आज्ञा पाळण्याचे पारंपरिक वचन वगळून दोघेही स्वतः लिहिलेली वचने उच्चारीत. खलील जिब्रान यांच्या 'द प्रॉफेट' (१९२३) या पुस्तकातील विवाहविषयक प्रकरणाचे वाचन लोकप्रिय होते. मोडेस्टो येथील युनिव्हर्सल लाइफ चर्च कोणालाही टपालाने विनामूल्य धर्मोपदेशकपद देत असे. त्यामुळे एखादा मित्रच पौरोहित्य करू शके.

कायदेशीर स्थिती
कॅलिफोर्नियात विवाहासाठी परवाना आवश्यक होता. केवळ सहजीवनातून सिद्ध होणाऱ्या विवाहाची मान्यता तेथे १८९५ मध्येच संपुष्टात आली होती. त्यामुळे परवाना नाकारणाऱ्या जोडप्याचा विवाह मित्रमंडळींच्या दृष्टीने पूर्ण असला, तरी कायद्याच्या दृष्टीने झालेलाच नसे. विवाह वैध असल्याची प्रामाणिक समजूत असलेल्या जोडीदाराला मालमत्तेत संरक्षण मिळे. जाणूनबुजून नोंदणी टाळणाऱ्याला ते मिळत नसे. जोडीदाराच्या नावावरील घरात वर्षानुवर्षे राबलेल्या स्त्रीची स्थिती विशेष बिकट होई.

'मार्विन विरुद्ध मार्विन' (१९७६) हा खटला हिप्पी विवाहाचा नव्हता. अभिनेते ली मार्विन यांच्यासोबत विवाहाविना राहिलेल्या मिशेल ट्रायोला यांनी तो दाखल केला होता. त्यात राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने अविवाहित जोडीदारांमधील मालमत्तेचे करार, ते तोंडी वा वर्तनातून सूचित झालेले असले तरी, अंमलात आणता येतात असे ठरविले. तथापि असा करार सिद्ध करणे अवघड असते. स्वतः ट्रायोला यांनाही अखेरीस काही मिळाले नाही.

गोवा
१९६० च्या दशकाच्या अखेरीपासून हणजुणे, कळंगूट इत्यादी किनाऱ्यांवर पाश्चात्त्य हिप्पींचे वास्तव्य होते. गोव्यात पोर्तुगीजकालीन कायद्यानुसार विवाहाची नागरी नोंदणी बंधनकारक आहे. वाळूवरील विधी तिची जागा घेऊ शकत नाही.

प्रभाव
स्वलिखित वचने, मोकळ्या जागेतील समारंभ आणि पौरोहित्य करणारा मित्र या गोष्टी आज अमेरिकेत सर्वसामान्य झाल्या आहेत. मात्र त्यांसोबत परवानाही घेतला जातो.