तलाव आधी, समीकरण नंतर

अभियांत्रिकीच्या सुरुवातीच्या वर्षांत द्रवयांत्रिकी आणि उष्मागतिकी शिकताना विद्यार्थ्याची ओळख टोरिचेली, बर्नुली, कार्नो यांच्याशी होते. ती व्हायलाच हवी. पण तो विद्यार्थी पवनी तालुक्यातल्या आसगावसारख्या गावातून, वैनगंगेच्या खोऱ्यातून आलेला असेल, तर या विषयांचे पहिले धडे त्याच्या मुलखात फार पूर्वीच मातीत आणि दगडात उतरले होते, हे त्याला सहसा कळत नाही. भंडाऱ्याचे जुने तलाव आपण राजांच्या किंवा मालगुजारांच्या पुण्यकर्माच्या खात्यात टाकून मोकळे होतो. माझ्या मते ते पाण्याच्या आणि उष्णतेच्या अभ्यासाच्या इतिहासात मोडतात, आणि त्यांचे स्थान तिथे मान्य झाले पाहिजे.

याचा पुरावा बांधणीतच आहे. गोंड राजवटीत तलाव बांधण्यात नाव कमावले ते कोहळी समाजाने. आज गोंदिया जिल्ह्यात असलेला, पण 1999 पर्यंत भंडाऱ्यात मोडणारा नवेगावचा बांध अठराव्या शतकाच्या आरंभी कोलू पाटील कोहळी यांनी बांधल्याचे जुने गॅझेटियर सांगते. बर्नुलीचा द्रवगतीवरचा ग्रंथ 1738 चा. तलावाच्या पाळीचा पाया रुंद आणि माथा अरुंद असतो, कारण पाण्याचा दाब खोलीबरोबर वाढतो. खोली दुप्पट झाली की पाळीवरचा एकूण रेटा चौपट होतो. पाणी सोडायच्या तुडुमाची जुनी घडण तर बारकाईने पाहण्यासारखी आहे. त्यात एकाखाली एक भोके ठेवून ती खुंट्यांनी बंद करत आणि पाणी उतरेल तशी वरून खाली एकेक मोकळी करत. टोरिचेलीने 1644 मध्ये मांडलेल्या नियमानुसार, घर्षण सोडले तर, 1 मीटर खोलीवरच्या भोकातून पाणी सेकंदाला सुमारे 4.4 मीटर वेगाने निघते, आणि 4 मीटर खोलीवरून 8.9 मीटर वेगाने. धान निसवायच्या वेळी पाऊस दडी मारतो तेव्हा तलाव बराच भरलेला असतो. अशा वेळी तळाचे भोक उघडले तर पाट फुटायचा धोका आणि खुंटी पुन्हा बसवणे अवघड. वरचे भोक उघडले की धार आवाक्यात राहते.

यावर एक रास्त आक्षेप येतो: हे कसब झाले, शास्त्र नव्हे, समीकरणाशिवाय शास्त्र कसले? आक्षेपात तथ्य आहे. अनुभवाने बांधलेला तलाव न पाहिलेल्या जागेचे भाकीत करू शकत नाही, आणि पवनीजवळचे गोसीखुर्द धरण नुसत्या अनुभवावर उभे राहिले नसते. पण उष्मागतिकीचाच जन्म पाहा. न्यूकॉमेनचे वाफेचे इंजिन 1712 मध्ये खाणीतले पाणी उपसू लागले होते. त्यामागचा विचार कार्नोने मांडला तो 1824 मध्ये. शंभरांहून अधिक वर्षे कारागिरी पुढे होती आणि सिद्धांत मागून आला. न्यूकॉमेनला पाठ्यपुस्तकात जागा मिळते ती त्याच्या यंत्राने विचाराला विषय पुरवला म्हणून. तोच न्याय कोहळ्यांच्या तुडुमालाही लागू पडतो.

दुसरा आक्षेप असा की हे ज्ञान इतके खरे होते, तर तलाव गाळाने का भरले? त्याचे उत्तर व्यवस्थेत सापडते. 1951 मध्ये मालगुजारी संपली आणि तलाव सरकारजमा होऊन ‘मामा तलाव’, म्हणजे माजी मालगुजारी तलाव झाले. मालगुजारी जाणे न्यायाचेच होते. राबणारे हात आणि मालकी यांची तिथे फारकत होती. मात्र पाळ, पाट आणि गाळ यांची दरसालची निगा कोणी राखायची, याची घडी तितक्या नेटाने पुन्हा बसली नाही. त्याचे नुकसान उष्मागतिकीच्या भाषेत नेमके सांगता येते. एक किलो पाण्याची वाफ व्हायला सुमारे 24 लाख ज्यूल उष्णता लागते, आणि ती मुख्यतः उन्हातून, पाण्याच्या पृष्ठभागावाटे मिळते. गाळाने खोली निम्मी झाली आणि पसारा तेवढाच राहिला, तर उन्हाळ्यात उडून जाणारा थर जवळपास तितकाच राहतो. साठ्याच्या प्रमाणात तूट दुप्पट होते. म्हणून गाळ काढणे ही साठा वाचवण्याची पहिली अट ठरते. पण यंत्राने बेसुमार खोदले तर तळाचा चिकणमातीचा थर फाटून पाणी झिरपते. किती खोदायचे, हे अनुभव आणि गणित दोघांनी मिळून ठरवावे लागते.

म्हणूनच विदर्भातल्या महाविद्यालयांत या विषयांचे पहिले प्रात्यक्षिक मामा तलावावर व्हावे. विद्यार्थ्यांनी तुडुमाचा प्रवाह, सांडव्यावरच्या पाण्याची उंची आणि उन्हाळ्यातली घट मोजावी, ती समीकरणाशी ताडून पाहावी आणि आकडे ग्रामपंचायतीच्या हाती द्यावेत. समीकरण तर त्याने पक्के होईलच, शिवाय ज्यांनी तलाव बांधले त्यांच्या वारसांना दुरुस्ती मागायला पुरावाही मिळेल.