वर्ध्याचा संवाद आणि सक्तीचा कायदा

डिसेंबर १९३५ मध्ये मार्गारेट सँगर वर्ध्यात गांधीजींना भेटल्या. संततिनियमनाची कृत्रिम साधने गांधीजींनी नाकारली. संयम हाच मार्ग मानला. पोप अकरावे पायस यांनी १९३० मध्येच ही साधने कॅथलिकांना निषिद्ध ठरवली होती. वाटा भिन्न, निष्कर्ष जवळचा.

१९७६ मध्ये महाराष्ट्र विधिमंडळाने सक्तीच्या नसबंदीचे विधेयक संमत केले. राष्ट्रपतींची संमती न मिळाल्याने ते कायदा झाले नाही. अन्यथा कॅथलिक दांपत्यांपुढे धर्माज्ञा की राजाज्ञा, हा पेच उभा राहिला असता.

गांधीजींचा वा चर्चचा निष्कर्ष आम्हांला मान्य नाही. स्त्रीच्या निर्णयस्वातंत्र्याचा सँगर यांचा आग्रह आम्हांला अधिक पटतो. परंतु सक्तीने तेच स्वातंत्र्य प्रथम हिरावले असते. वर्ध्यात दोघांनी एकमेकांना पटवून पाहिले. शासनाने पटवणेच सोडून दिले.