कागद वाहणारे आणि कागद वाचणारे

भोर-वेल्ह्याच्या खोऱ्यांतून पुण्याच्या महाविद्यालयात आलेला आपला विद्यार्थी इंग्रजी पुस्तक उघडतो आणि पहिल्याच पानावर अडतो. तेव्हा शिक्षकांच्या खोलीत ठरलेला शेरा ऐकू येतो : ‘ह्यांना मराठीच धड वाचता येत नाही, इंग्रजी काय वाचणार?’ मी घराण्यातला पहिला पदवीधर. हा शेरा मीही झेललेला आहे. त्यात तथ्य किती, हे इतिहासालाच विचारले पाहिजे.

भोर संस्थान १९४८ साली विलीन झाले. मावळातल्या गावगाड्यात सरकारी टपाल आणि वसूल पोहोचविणे हे महाराचे काम. दप्तर मात्र मोडीत आणि कुळकर्ण्याच्या हाती. कागद वाहायचा एकाने, वाचायचा दुसऱ्याने! ज्याला पहिल्याच भाषेत वाचू दिले नाही, त्याने दुसऱ्या भाषेत काय न्यावे?

भोरहून वरंधा घाट उतरला की महाड. त्याच भागातल्या रावढळचे गोपाळबाबा वलंगकर. त्यांना लष्कराने अक्षर दिले आणि १८८८ साली त्यांनी ‘विटाळ विध्वंसन’ लिहून शास्त्रालाच जाब विचारला. सुभेदार रामजी सकपाळ लष्करी शाळेचे मुख्याध्यापक. त्यांनी भीमरावाकडून तर्खडकरांची भाषांतर पाठमाला घोटून घेतली. मराठी वाक्य समोर ठेवून इंग्रजी वाक्य घडवायचे, ही ती रीत. १९०७ साली मॅट्रिक झाल्यावर केळुस्कर गुरुजींनी हाती दिलेले बुद्धचरित्र मराठीतच होते. पुढे बाबासाहेबांचा ‘द बुद्ध अँड हिज धम्म’ इंग्रजीत आला. आणि कोलंबियात शिकलेल्या ह्याच माणसाने १९२० साली ‘मूकनायक’ काढला, तो मराठीत. वाचनाची शिदोरी दोन्ही वाटांनी जाते.

१९७९ साली जिम कमिन्स ह्या अभ्यासकाने हेच शास्त्राच्या भाषेत मांडले : दोन भाषांतील वाचनाच्या खाली एकच पाया असतो. युक्तिवादाचा धागा धरणे, अनोळखी शब्दाचा संदर्भावरून अर्थ लावणे, लेखकावर शंका घेणे, हे एकदा साधले की दुसऱ्या भाषेत पुन्हा पहिल्यापासून शिकावे लागत नाही. पण सारेच पलीकडे जात नाही. देवनागरीत बहुतेक लिहिल्याप्रमाणे उच्चारतो. इंग्रजी स्पेलिंग तसे नाही. मराठीचे क्रियापद वाक्याच्या शेवटी, इंग्रजीचे मध्ये. १९८४ साली चार्ल्स ऑल्डरसन ह्यांनी नेमका प्रश्न केला : अडचण वाचनाची की भाषेची? पुढच्या संशोधनाचा कौल असा की दोन्हींची. मात्र भाषाच तुटपुंजी असेल तर पहिल्या भाषेतले वाचनकौशल्य बांधल्या गाठोड्यासारखे पडून राहते.

म्हणजे तो शेरा अर्धाच खरा आहे, आणि अर्धे सत्य आपल्याच पोरांच्या माथी मारले जाते. वाड्यावस्तीवरच्या पोराच्या घरात ‘व्हता’, पुस्तकात ‘होता’. त्याला ग्रंथातली मराठी हीच पहिली परकी भाषा. कातकऱ्याच्या लेकराला तर बोलीपासूनच वेगळी. हे दोन उंबरे ओलांडून आलेल्याला तिसऱ्यावर अडखळला म्हणून हसणे हा अन्याय आहे.

आज पोटाला चिमटा घेऊन आपले लोक मुलांना इंग्रजी शाळेत घालतात. त्यामागची तहान मी जाणतो. पण घरच्या बोलीला मान, मराठीत अख्खी पुस्तके, आणि सोबत कसून शिकवलेली इंग्रजी, ह्या तिन्हींचा आग्रह आपण धरला पाहिजे. नाहीतर आपली मुले इंग्रजी कागदही नुसते वाहतील. वाचणारा पुन्हा दुसराच असेल.