रविवारची तालियातेल्ले

बाजूला व्हा, गाडी येतेय! बोलोन्या शहरातली रविवारची सकाळ आहे, शंभरेक वर्षांपूर्वीची. फरसबंदीवर लोखंडी धावा खडखडताहेत, घोड्यांच्या लिदीचा आणि लाकडाच्या धुराचा वास नाकात शिरतोय, सान पेत्रोनिओ चर्चच्या घंटांपुढे शेजारच्याचं बोलणंही कळत नाही. मिस्साहून परतणारी गर्दी तुम्हाला कमानींखालून रेटत नेतेय. सुटका हवी ना? मग शिरा या दारातून.

आत धग आहे. चुलीवर रागू रटरटतोय: गोमांस, डुकराची चरबी, कांदा, गाजर, थोडी वाइन. झाकण उचललंत तर चष्म्यावर वाफच वाफ. पण खरं काम चाललंय ते लाकडी फळीवर. आजीने मैद्याचं आळं केलंय, शंभर ग्रॅमला एक अंडं. पाण्याचा थेंबही नाही. तळव्याच्या रेट्याने ती मळत राहते, गोळा झाकून ठेवते आणि मग जवळजवळ मीटरभर लांब लाटणं उचलते.

जवळ या, हात बघा. मधून कडेकडे सरकताहेत. पिवळीधमक पारी फळीखाली लोंबायला लागली की आजी ती पोटाने दाबून धरते आणि पुढे ताणते. पारीआडून टेकडीवरचं सान लूकाचं चर्च दिसलं पाहिजे, असं इथल्या बायका म्हणतात. खिडकीशी धरून बघा, पलीकडून तुमची बोटं दिसतील.

पारी जरा सुकली की सैल वळकटी, आणि सुरी. खच् खच् खच्! आजी मूठभर उचलून झटकते, तालियातेल्लेच्या फिती भराभर उलगडतात, पीठ तुमच्या मिशांवर. पुढे १९७२मध्ये इथल्या व्यापार मंडळात शिजलेल्या फितीची रुंदी ८ मिलिमीटर म्हणून नोंदवतील, म्हणजे शहरातल्या आसिनेल्ली मनोऱ्याच्या उंचीचा १२,२७०वा भाग. आजीला मोजपट्टी लागत नाही. इतकं अचूक काम मी कुठल्याच कारखान्याचं मानत नाही.

उकळत्या पाण्यात जेमतेम दोन-तीन मिनिटं, की परातीत. बाकावर दाटीवाटीने बसा, कोपर आवरा. लाकडावर लाटल्याने फिती किंचित खरबरीत झाल्यात, म्हणून रागू तळाशी न साचता त्यांनाच चिकटतो. पहिला घास गरम आहे, फुंकर घाला. पलीकडे दोन पोरं चीजच्या तुकड्यावरून भांडताहेत, काकांनी तुमचा पेला पुन्हा भरलाय, आणि आजीचा डाव तुमच्याच ताटलीकडे वळलाय. नको म्हणून सुटका नाही!